म्हातारपणी झेपेल अशी बाग: आखणी, पाणी, झाडं आणि देखभाल

बंगल्याभोवतीची बाग बहुधा हौसेच्या वयात लागते आणि गुडघे बोलू लागले की अंगावर येते. तोवर कुंड्या मोजण्यापलीकडे गेलेल्या असतात, लॉनला कापणी लागते, नारळावर चढायला माणूस मिळत नाही आणि मुलांकडे महिनाभर राहून आलं की निम्मी रोपं वाळलेली असतात. मग एक दिवस घरात ठराव होतो की आता बाग बंद, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. हा ठराव टाळता येतो. त्यासाठी बाग पन्नाशी-पंचावन्नीत, अंगात जोर असताना पुन्हा आखायला लागते. पाय घसरून खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर जी आखणी होते, ती बागेची नसते.

पुढचं सगळं मुख्यतः देशावरच्या, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक, सांगली या बाजूच्या दोन-अडीच गुंठ्यांच्या प्लॉटला धरून लिहिलं आहे. घर आणि गाडीची जागा सोडली की हजारेक चौरस फूट मोकळी जमीन उरते, एवढी गृहीत धरली आहे. कोकणात फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

कोणतीही गोष्ट बागेत घेताना दोन प्रश्न विचारायचे. हे काम उभ्याने किंवा बसून होईल का? आणि तीन आठवडे कोणी हात लावला नाही तर हे जगेल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती गोष्ट कितीही सुंदर असो, तुमच्यासाठी नाही. वाकणं, उचलणं आणि चढणं ही तीन कामं बागेतून काढून टाकायची, एवढाच या आखणीचा हेतू.

आधी कागद, मग कुदळ

चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून प्लॉट काढा. घर, कंपाउंड, नळ, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, सेप्टिक टँक आणि जोराच्या पावसात पाणी तुंबतं ती जागा, सगळं त्यात यायला हवं. चेंबरची झाकणं कुठे आहेत हे विसरून त्यांवर वाफे बांधणारे लोक कमी नाहीत.

मग ऊन. आपल्याकडे सूर्य वर्षभर दक्षिणेला नसतो. पुण्याच्या आसपास मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. डिसेंबरात मात्र तो इतका खाली उतरतो की १२ फुटी भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेला सुमारे ११ फूट पडते. म्हणजे घराच्या उत्तरेची पट्टी उन्हाळ्यात भाजते आणि हिवाळ्यात ऊन बघतही नाही. तिथे भाजीचा वाफा नको. हिवाळ्यात बसायची जागा दक्षिणेला किंवा पूर्वेला हवी, उन्हाळ्यातली संध्याकाळची जागा घराच्या पूर्वेला. पश्चिमेच्या भिंतीला चार वाजता हात लावून बघा, तिथे झाड का हवं ते कळेल.

माती तपासायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. दोन फुटी खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच उभं असेल तर काळी चिकण माती आहे. अशा ठिकाणी झाडं जमिनीच्या पातळीवर न लावता फूट-दीड फूट उंचवट्यावर लावायची. पाणी तासाभरात गायब झालं तर खाली मुरूम आहे. तिथे खड्डा मोठा घ्यावा लागेल आणि शेणखत जास्त.

रस्ता: इथे पैसे वाचवू नका

बहुतेक लोक आधी झाडं लावतात आणि उरलेल्या जागेतून वाट काढतात. उलटं करा. वाट आधी ठरली की बागेचं निम्मं काम झालं, कारण वाटेपासून हात पोचेल तेवढीच बाग तुम्ही पुढे सांभाळणार आहात.

वाटेची रुंदी किमान ३ फूट ठेवा, त्यापेक्षा कमी वाटेत वॉकर अडतो. मुख्य वाट, म्हणजे फाटक ते दार आणि स्वयंपाकघराचं दार ते तुळशीवृंदावन, ४ फुटी करा. कोणी हात धरून चालवत असेल तर दोघांना एवढं लागतं. व्हीलचेअर वळवायला ५ फूट बाय ५ फुटांची एक जागा कुठेतरी ठेवाच. आज ती टेबल-खुर्च्या टाकायला कामी येईल. वाट शक्यतो घराला वळसा घालून परत दाराशी यावी. टोकाशी संपणाऱ्या वाटेवर वळताना तोल जातो, शिवाय गोल वाटेवर पावसाळ्यातही आवाराबाहेर न जाता फेऱ्या मारता येतात.

पायऱ्या असतील तर उंची ६ इंच आणि पाय ठेवायला जागा १२ इंच, सगळ्या एकसारख्या. एखादीच पायरी दोन इंचांनी वेगळी असली की माणूस तिथेच पडतो. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा किंवा पांढरा पट्टा मारून घ्या. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना करड्या फरशीवरची करडी पायरी दिसत नाही. तीन पायऱ्या असल्या तरी कठडा हवा, साधारण ३४ ते ३६ इंच उंच, मुठीत मावेल असा दीड इंची पाइप. उतार करायचा तर दर एक इंच उंचीला एक फूट लांबी धरा. दीड फूट चढायचं असेल तर १८ फूट. एवढी जागा नसेल तर उतार करू नका. छोटा, तीव्र उतार हा पायऱ्यांपेक्षा धोकादायक.

आता पृष्ठभाग. पॉलिश केलेला ग्रॅनाइट आणि गुळगुळीत टाइल बागेत नकोच, फुकट मिळालेले तुकडे असले तरी नकोत. खडी दिसायला झकास, पण काठी रुतते आणि वॉकर चालत नाही. लॉनमध्ये अंतराअंतरावर टाकलेल्या फरश्या फोटोत छान दिसतात. म्हातारपणी त्या पायात येतात. पेव्हर ब्लॉक चालतात, फक्त खालचा थर नीट दाबला नसेल तर दोन पावसाळ्यांत कुठे खचतात, कुठे उचलतात. माझी पसंती खरबरीत शहाबादीला किंवा झाडू ओढून खरखरीत केलेल्या कोब्याला. शहाबादीवर पावसात शेवाळं धरतं, तेव्हा श्रावणात एकदा ब्लीचिंग पावडर टाकून ती घासून घ्यावी लागते. कोकणात हे काम महिन्या-महिन्याला येतं, म्हणून तिथे खरबरीत कोबाच बरा.

काळ्या मातीत वाट थेट टाकली तर उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते आणि वाट तडकते. आधी फूटभर माती काढा, मुरूम भरून पाणी मारून दाबा, मग वरचं काम. वाटेला आडवा उतार द्या, ४ फुटांत एक इंच पुरे, आणि तो घरापासून बाहेरच्या दिशेला असू द्या. गवंडी हे न सांगता करतो असं धरून चालू नका.

उजेडासाठी हालचाल ओळखणारे दिवे वाटेच्या दोन्ही टोकांना लावा. घोणस आणि मण्यार रात्री फिरतात, वाटेवर उजेड असला तर निदान दिसतात. त्याच कारणासाठी वाटेलगत विटांचे ढीग, रिकाम्या कुंड्या, जुनी लाकडं रचून ठेवू नयेत.

पाणी: नळी ओढणं बंद

बाग जड होण्याचं सगळ्यात मोठं कारण पाणी घालणं. १० लिटरची भरलेली झारी म्हणजे १० किलो वजन, एका हातात, ओल्या जमिनीवर. नळी ओढायची तर ती कुंड्यांना अडकते आणि वाटेवर पडून राहते. म्हणून ठिबक. हजार चौरस फुटांच्या बागेला ते अवघड नाही, शेतीच्या साहित्याचं कोणतंही दुकान नकाशा बघून सामान काढून देतं. तरी काही गोष्टी दुकानदार सांगत नाही.

घरच्या टाकीचा दाब कमी असतो. एकमजली घरावरची टाकी १२-१५ फुटांवर असेल तर दाब अर्ध्या बारच्याही (बार हे दाबाचं माप) खाली राहतो. दाब सारखा राखणारे महागडे ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या) तेवढ्यावर नीट चालत नाहीत, साधे ड्रिपर घ्या. साधा ४ लिटरचा ड्रिपर एक बारच्या आसपास ताशी ४ लिटर देतो, टाकीच्या पाण्यावर तो अडीचच्या आसपास देईल. ड्रिपरखाली डबा ठेवून अर्ध्या तासात किती पाणी पडतं ते मोजा आणि त्यावरून वेळ ठरवा. नळाला लावायच्या टायमरचंही तसंच आहे. काही टायमरना उघडायला दाब लागतो, टाकीवर ते उघडतच नाहीत. ‘टाकीच्या पाण्यावर, दाबाशिवाय चालतो का’ असं स्पष्ट विचारून बॉल व्हॉल्व्हवाला टायमर घ्या.

पाण्याच्या किमान तीन वेगळ्या ओळी करा आणि प्रत्येकीला स्वतंत्र कॉक द्या: झाडं, झुडपं, भाजी. झाडांना आठवड्यातून एकदा भरपूर, झुडपांना उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, भाजीला रोज थोडं. एकाच ओळीवर सगळं जोडलं की लिंबू कुजतो किंवा मेथी वाळते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ड्रिपर बुजतात. गाळणी दर पंधरा दिवसांनी धुवायची आणि ओळीच्या टोकाचं बूच काढून पाणी जाऊ द्यायचं. म्हणून गाळणी, टायमर आणि कॉक हे सगळं जमिनीलगत न बसवता भिंतीवर कंबरेच्या उंचीला, सावलीत बसवून घ्या. प्लंबर खालीच बसवायला बघेल, कारण पाइप वाचतो.

बागेतले नळ अडीच-तीन फुटांवर, पाव फेऱ्यात उघडणारे, लांब दांडीचे. गोल चाकाचा नळ संधिवाताच्या बोटांना फिरत नाही. एक नळ पुढे, एक मागे, आणि दोन्हींजवळ नळी गुंडाळायला आकडा.

कुंड्या आणि लॉन: कात्री इथे लावा

बारा इंची मातीची कुंडी ओल्या मातीसकट २० ते २५ किलोंची होते. उन्हाळ्यात तिला रोज पाणी लागतं, दोन वर्षांनी माती बदलायला लागते, आणि तिच्याखालची ताटली आठवड्याला रिकामी केली नाही तर डासांची पैदास होते. तेच रोप जमिनीत लावलं तर यातलं काही नाही. तेव्हा कुंडीत फक्त तेच ठेवायचं जे जमिनीत मोकाट पसरतं, जसा पुदिना, किंवा जे दाराशीच हवं. पाच-सात कुंड्या पुरेत, चाकांच्या स्टँडवर, दोन फूट उंचीला. बाकीच्या वाटून टाका. भिशीतल्या मैत्रिणी खुश होतील.

लॉन पूर्णच काढा. आठवड्याची कापणी, हुमणी, उन्हाळ्यातलं पाणी आणि लव्हाळा उपटणं, हे सगळं हिरव्या गालिच्यासाठी, ज्यावर कोणी बसत नाही. नातवंडांना खेळायला हवंच असेल तर १० बाय १० फुटांचा तुकडा दुर्वांचा ठेवा. गणपतीत उपयोगी पडेल.

कंबरेएवढे वाफे आणि बसायचा कट्टा

भाजी आणि कोथिंबीर यांच्यासाठी दोन उंच वाफे बांधा. उंची २४ ते ३० इंच. एका बाजूनेच हात पोचत असेल तर रुंदी दोन फूट, दोन्ही बाजूंनी वाट असेल तर चार. लांबी ८ फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर वळसा नको म्हणून माणूस वाफ्यावरून हात लांबवतो आणि कंबर धरते. विटांचं बांधकाम, कोकणात चिऱ्याचं, तळाशी दर दोन फुटांवर पाणी निघायला भोक. एक कड ९ ते १२ इंच रुंद ठेवून १८ इंचांवर आणली तर तीच बैठक होते, बसून खुरपता येतं.

एवढा वाफा मातीने भरायचा तर ट्रक लागेल. तळाचा निम्मा भाग वाळक्या फांद्या, नारळाच्या शेंड्या, पाचोळा, उसाचं पाचट यांनी भरा आणि वर फूटभर माती, शेणखत, कोकोपीट यांचं मिश्रण. दर वर्षी हा थर चार-सहा इंच खाली बसतो, मेमध्ये वरून खत टाकून भरून घ्यायचा. पाचोळ्यातच भाजी पिकवायची ही पद्धत कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर कधीच रुजवली आहे, त्यात धाडस काही नाही.

तुळशीवृंदावनही या हिशेबात धरा. तुळस तीन फुटांवर असली तर दिवा लावायला वाकावं लागत नाही, आणि भोवती तीन फूट मोकळे असले की प्रदक्षिणाही होते.

बसायची जागा दोन ठिकाणी हवी, एक उन्हातली, एक सावलीतली. उंची १८ इंच, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात. हातांशिवायच्या बाकावरून उठणं हीच पुढे कसरत होते. झोपाळा जरूर लावा, पण तो बसताना मागे सरकतो, म्हणून त्याच्याशेजारी एक स्थिर खांब किंवा कठडा धरायला हवा.

मोठी झाडं: दोन, फार तर तीन

नर्सरीत गेल्यावर ही संख्या विसरली जाते, म्हणून यादी लिहून न्या आणि तेवढीच रोपं आणा. झाड लावताना ते वीस वर्षांनी केवढं होईल आणि तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल, हे दोन्ही आकडे शेजारी लिहा. शिवाय नागरी भागात राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चुकीच्या जागी लावलेलं झाड पुढे तुमच्या एकट्याच्या मर्जीवर निघत नाही.

देशावर पहिली पसंती सीताफळाला. बारा-पंधरा फुटांवर वाढ थांबते, छाटून आठ फुटांवर ठेवता येतं, दोन-तीन वर्षांत मूळ धरलं की पाणी जवळजवळ मागत नाही, शेळ्या तोंड लावत नाहीत. फळं हाताच्या उंचीला लागतात. पिठ्या ढेकूण येतो, तेव्हा खोडावर मुंग्या चढू नयेत एवढं बघायचं. बाळानगर किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘फुले पुरंदर’, दोन्ही जाती चांगल्या.

दुसरं लिंबू. रोजच्या उपयोगाचं, पण काट्यांचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्याला साधा ओरखडाही महाग पडतो, म्हणून लिंबू वाटेपासून पाच-सहा फूट आत. पहिली दोन-तीन वर्षं पानं खाणाऱ्या अळीकडे लक्ष द्यायला लागतं. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पिकलेली लिंबं आपोआप खाली पडतात. ती उचलायला लांब दांड्याचा चिमटा ठेवा.

तिसऱ्या जागेसाठी चिकू किंवा पेरू. चिकू सदाहरित, संथ, कचरा कमी. कालीपत्तीचं कलम घ्या आणि सुरुवातीपासून शेंडा खुडून बुटका ठेवा, कारण तो एकदा वर गेला की वटवाघळांचाच. पेरूत सरदार उत्तम. त्याला लखनौ-४९ म्हणतात, पण निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात. पेरू छाटणी छान सोसतो, सात फुटांवर सहज ठेवता येतो. पावसाळी बहराला फळमाशी लागते, तो बहर पक्ष्यांना सोडून द्या आणि हिवाळ्याचा तुम्ही खा.

आंबा हवाच, असं घरात कोणीतरी म्हणेलच. केसरचं कलम लावा आणि पहिल्या वर्षापासून उंची दहा फुटांच्या आत धरा. उंच आंब्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन’ झेला (फळ उतरवायची जाळीची काठी) बनवला आहे, पण मान वर करून झेला चालवणं सत्तरीत कोणाला सोसत नाही.

नारळ घराजवळ नको. किलो-सव्वा किलोचं फळ आणि वाळलेली झावळी वेळ सांगून पडत नाहीत. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असतात. लावायचाच तर शेंगा संपल्यावर दर वर्षी तीन फुटांवर तोडणार असाल तरच. गुलमोहर वादळात मोडतो. कंपाउंडच्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं, उंबराचं रोप बोटभर असतानाच काढा. डाळिंब, द्राक्ष ही फवारणीची पिकं, त्यांच्या नादी लागू नका.

खड्डे एप्रिलमध्ये घ्या, मेचं ऊन खाऊ द्या. आंब्याला तीन फुटी, बाकीच्यांना दोन फुटी पुरे. शेणखत, निंबोळी पेंड आणि माती भरून ठेवा, मृगाचा चांगला पाऊस झाला की रोप लावा. भिंतीपासून आणि चेंबरपासून सात-आठ फूट अंतर. ज्येष्ठात लागलेल्या रोपाला पावसाळ्याचे चार महिने फुकटचं पाणी मिळतं. हौसेने फेब्रुवारीत लावलेल्या रोपामागे तुम्हीच उन्हाळाभर धावता.

फुलं: न सांभाळता फुलणारी

पूजेला रोज फुलं हवी असतील तर तगर, गावठी लाल जास्वंद आणि कण्हेर एवढ्यावर बारा महिने भागतं. जास्वंदीच्या रंगीबेरंगी संकरित जातींवर पिठ्या ढेकूण ठरलेला. गावठी लाल टिकते. कण्हेर विषारी आहे, लहान मुलं येत असतील तर मागच्या कुंपणाला लावा. मोगऱ्याला जानेवारीत कडक छाटणी आणि भरपूर ऊन, की उन्हाळाभर सुगंध. कोरांटी, सदाफुली आणि गुलबक्षी यांना कोणी विचारलं नाही तरी राहतात; गुलबक्षी तर वाळून गेलेली दिसते आणि पावसात पुन्हा उगवते.

प्राजक्ताची जागा विचारपूर्वक निवडा. फुलं तोडावी लागत नाहीत, पहाटे आपोआप पडतात, पण जमिनीवरून वेचायची म्हणजे वाकणं आलं. म्हणून प्राजक्त कट्ट्याला लागून लावा, फुलं कट्ट्यावर पडतील. एखादी जुनी चादर पसरून ठेवली की सकाळी उचलून टोपलीत. भाद्रपद-आश्विनात पाने-फुले धरून कचराही बराच होतो, तेव्हा तो दाराच्या उंबऱ्याशी नको.

गुलाब आणि शेवंती यांचं प्रेम असेल तर एक-एक रोप ठेवा. बागच गुलाबांची केली तर माळी रोजचा लागेल. मधुमालती आणि बोगनवेल भिंतीवर चढतात, मग गच्चीवर, मग शेजाऱ्यांकडे. वेल हवाच तर जुई, साडेसहा फुटांच्या लोखंडी मांडवावर.

झुडपं दाट लावा, अडीच-तीन फुटांवर. पहिल्या वर्षी बाग विरळ दिसते म्हणून मध्ये हंगामी रोपं कोंबायचा मोह होतो. त्याऐवजी मोकळी जमीन पाचोळ्याने झाका. दोन वर्षांत झुडपं एकमेकांना भिडली की तणाला ऊनच मिळत नाही आणि खुरपणी संपते.

भाजी: एकदा लावून अनेक वर्षं

पालक, मेथी, कोथिंबीर उंच वाफ्यात, हिवाळ्यात. एवढंच हंगामी. बाकी सगळं बारमाही: मांडवावर तोंडलीचा वेल, जो वर्षानुवर्षं फळ देतो आणि उभ्याने तोडता येतो, कुंपणावर मायाळू, भाजी धुतलेलं पाणी जातं तिथे अळू, कडेला गवती चहा. कढीपत्ता दर वर्षी चार-पाच फुटांवर छाटा, नाहीतर पानं गच्चीवरून तोडायला लागतात, आणि बाजूने येणारी पिल्लं काढत राहा. उंच वाफ्याच्या एका टोकाला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद लावा. माघात पानं वाळली की काढा, मध्ये काही करायचं नाही.

टोमॅटो, वांगी, फ्लॉवर बाजारातून आणा. त्यांच्यामागे जेवढा वेळ जातो तेवढ्यात भाजीवाल्याशी गप्पाही होतात.

पाचोळा बागेतच राहू द्या

झाडलेला पाचोळा पेटवणं बंद. झाडा-झुडपांखाली तीन-चार इंच जाड थर पसरायचा, खोडाला चिकटवायचा नाही आणि घराच्या भिंतीपासून फूटभर लांब ठेवायचा, नाहीतर वाळवीला वाट मिळते. उन्हाळ्यात पाण्याचा खर्च यानेच सगळ्यात जास्त वाचतो. उरलेल्यासाठी कोंबडजाळीचं तीन फूट व्यासाचं रिंगण कोपऱ्यात उभं करा. टाकत जा, अधूनमधून पाणी मारा, ढवळू नका. वर्षभराने जाळी उचलली की खाली खत. खड्ड्यातलं कंपोस्ट लवकर होतं, पण खड्ड्यातून ते काढणार कोण?

हत्यारं आणि शरीर

चांगला सिकेटर (छाटणीची हातकात्री), तोही दातेरी चाकावर टप्प्याटप्प्याने आवळणारा, म्हणजे हाताचा जोर कमी लागतो. लांब दांड्याचं खुरपं, लांब दांड्याची कात्री, आणि घमेल्याऐवजी छोटी चाकाची गाडी. दांड्यांना लाल-पिवळा रंग द्या, गवतात पडलेलं खुरपं सापडतं. शिडी घरात असेल तर देऊन टाका. नसली की मोह होत नाही.

मधुमेह असेल त्याने बागेत अनवाणी जाऊ नये. सकाळी दवातल्या गवतावर चाला हा सल्ला सगळे देतात. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला काटा टोचलेला दुसऱ्या दिवशी सूज आल्यावर कळतो. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्यायचं. पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून बघायचं, बागेत जाताना मोबाइल खिशात.

कामाचा क्रम

सगळं एका वर्षात करू नका. पहिल्या हिवाळ्यात नुसतं बघा आणि कागद भरा. जानेवारी ते मार्च वाट, पायऱ्या, नळ, वाफ्यांचं बांधकाम. गवंड्याच्या पायाखाली रोपं येत नाहीत. एप्रिल-मे खड्डे आणि ठिबकचे पाइप. जूनमध्ये झाडं आणि झुडपं. लॉन मात्र उन्हाळ्यात पाणी तोडून मरू द्या, मग खणायला सोपं जातं. पुढच्या पावसाळ्यात रिकाम्या जागा भरा.

त्यानंतर वर्षाची कामं थोडी उरतात. जानेवारीत छाटणी, मेमध्ये वाफ्यांत खत आणि जूनआधी गटारांची, पन्हळींची सफाई. पावसाळ्यात शेवाळं घासणं. टायमरची बॅटरी दिवाळीला एकदा आणि गुढीपाडव्याला एकदा बदलायची, संपायची वाट बघायची नाही. माळी महिन्यातून दोनदा पुरतो, मात्र तुम्ही समोर असतानाच. मागे वळून बघितलं नाही तर मोगरा ऐन कळीत छाटला जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

पुढे काय आणि कशा क्रमाने सोडायचं

शक्ती कमी होत जाईल तशी बागही कमी करता यायला हवी, आणि तो क्रम आजच ठरवलेला बरा. आधी हंगामी भाजी सोडा. उंच वाफ्यांत हळद, गवती चहा आणि सदाफुली लावून टाका. मग कुंड्या. मग मागच्या अंगणातली पट्टी: तिथली झुडपं वाढू द्या, वर्षाला एकदा माळ्याकडून छाटून घ्या आणि स्वतः जाणं बंद करा. फळं वेचणं शेजारच्या मुलांना द्या, निम्मी त्यांची. शेवटपर्यंत राखायचं ते वाट, ठिबक, तुळस आणि दाराजवळचा कट्टा.

एका कागदावर कॉक कोणता कशाचा, टायमर कसा बंद करायचा, कोणतं झाड छाटायचं नाही आणि माळ्याचा नंबर एवढं लिहून प्लॅस्टिकच्या पाकिटात नळाशेजारी टांगा. हॉस्पिटलात तुम्ही असाल तेव्हा पाणी सोडणारा दुसराच कोणी असेल. त्या कागदाचा फोटो मुलांच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.